कोरं कपाळ

डॉक्टर मॅडमनी एका कागदावर आठ-नऊ गोष्टी लिहून दिल्या होत्या, कपाळाच्या आठ्यांसाठी घ्यायच्या बोटॉक्सच्या इंजेक्शनच्या आधी काय करायचं नि नंतर काय नाही करायचं, आणि त्या सगळ्यात मी अडकले ती सगळ्यात साध्या गोष्टीपाशी. येताना चेहरा स्वच्छ धुऊन या, पावडर नको, क्रीम नको, टिकली नको. त्या सहज बोलून गेल्या. मी हो म्हटलं, कागद घडी करून पर्समध्ये टाकला, आणि नागपूरला गणेशपेठच्या स्टँडवर हिंगणघाटच्या गाडीची वाट पाहात बसले तेव्हा लक्षात आलं की लग्नाला 24 वर्षं झाली आणि या 24 वर्षांत मी टिकली न लावता घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. बाळंतपणाला नेलं तेव्हाही नाही. त्यात तारीख मागितली होती ती पितृपक्षातली.

तर सुरुवातीपासूनच सांगते.

मी शिवणकाम करते. हिंगणघाटवरून आत आमचं गाव, चारी बाजूनं कपाशी नि तूर, एसटी दिवसातून तीनदा येते आणि पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं तर तेवढीही येत नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला लग्न झालं, परीक्षा सासरून जाऊन दिली, पास झाले, नोकरीचं काही जमलं नाही, मग माहेरून आलेली पायडल मशीन छपरीत मांडली. त्याला 22 वर्षं झाली. ब्लाउज, फॉल-पिको, पोरींचे ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म, सगळं. आता मोटर बसवलीय पण पायडल काढलेलं नाही, कारण लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही.

सुईत दोरा ओवताना माणसाचा चेहरा कसा होतो ते कधी बघा. श्वास धरलेला, ओठ आवळलेले, आणि दोन्ही भुवया एकमेकींकडे ओढलेल्या. काळ्या कापडावर काळी शिलाई उसवायची असली तर तास तास तसंच. दिवाळीच्या नि लग्नसराईच्या रात्री एका बल्बखाली तसंच. आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर गेला की छपरीतून नुसतं अंगणात पाहायचं म्हटलं तरी डोळे बारीक करून, कपाळ आवळूनच पाहावं लागतं. असं रोज, बावीस वर्षं. तर माझ्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा पडल्या, डावीकडची लांब, उजवीकडची आखूड नि जराशी वाकडी. आधी दोरा ओवतानाच दिसायच्या, मग हसताना पण दिसायला लागल्या, आणि दोनेक वर्षांपासून झोपून उठल्यावर आरशात पाहिलं तरी असतातच, म्हणजे झोपेतही माझं कपाळ काम करतंच आहे.

मला त्याचं फार वाटत नव्हतं, खरंच नव्हतं. वय 46 आहे, केस पांढरे झालेत ते मी रंगवत नाही, आणि चेहऱ्यावर बाकी ज्या काही रेषा आहेत त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण मागच्या उन्हाळ्यात एक गोष्ट झाली. गावातलीच एक पोरगी, लग्न ठरलेलं, ब्लाउजच्या मापाला आली. नाजूक, घाबरट पोरगी. मी बाहीचा घेर घेत होते आणि टेपवरचा आकडा नीट दिसेना म्हणून जवळ घेऊन वाचत होते, तर ती एकदम म्हणाली, "काकू, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं नाही गं बाई, काय चुकणार तुझं. ती हसली, गेली, आणि बाकीचे पाच ब्लाउज तिनं हिंगणघाटला शिवायला टाकले. तिची आई नंतर दळणाला भेटली तेव्हा सरळ सांगून मोकळी झाली, तिले तुह्या तोंडाकडे पाहून भेव वाटलं म्हणे.

पाच ब्लाउजच्या पैशाचं मला काही नाही. पण त्या पोरीच्या लग्नाचे कपडे शिवायला मला मनापासून आवडलं असतं, मी त्या दिवशी तिच्यावर खूश होते, तिच्या साडीच्या काठाचं बाहीला काय करायचं हे डोक्यात पक्कं झालेलं होतं, आणि माझं कपाळ तिला भलतंच काही सांगत होतं. त्या रात्री मी पहिल्यांदा मोबाईलवर हे शोधलं.

बोटॉक्स हे खरं तर एका कंपनीच्या औषधाचं नाव आहे, पण आपल्याकडे झेरॉक्स म्हणतो तसं सगळ्यालाच बोटॉक्स म्हणतात. आत असतं ते बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे सरळ सरळ विष. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू ते तयार करतो. बीएस्सीला या जंतूवर आम्हाला अर्धं पान होतं, हवेशिवाय वाढतो, मातीत त्याचे बीजाणू असतात, एवढं आठवत होतं. बाकीचं आता वाचलं. जर्मनीत युस्टिनस केर्नर नावाचा डॉक्टर होता, कविता पण लिहायचा, 1820 च्या आसपास त्याच्या भागात खराब झालेलं सॉसेज, म्हणजे आतड्यात भरलेलं मांस, खाऊन माणसं मरत होती, पापण्या पडायच्या, गिळता यायचं नाही, श्वास थांबायचा. त्यानं त्या विषाचा अभ्यास केला, स्वतःवर थोडं घेऊन पाहिलं, आणि तेव्हाच लिहून ठेवलं की एक दिवस हे औषध म्हणून कामाला येऊ शकेल. बोटुलस म्हणजे लॅटिनमधे सॉसेज, नाव तिथून आलं. जंतू सापडला 1895 मधे, बेल्जियमच्या एका खेड्यात मयताला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी मांस खाल्लं नि त्यातले तिघं गेले, तेव्हा व्हॅन एर्मेंगेम नावाच्या माणसानं तो शोधून काढला.

हे वाचताना मला माझी पोरगी जन्मली तो दिवस आठवला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सोन्याच्या अंगठीनं मध चाटवला होता तिला. सगळे चाटवतात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका असं डॉक्टर जे ओरडून सांगतात ते याच जंतूसाठी, त्याचे बीजाणू मधात असू शकतात, मोठ्या माणसाच्या पोटात त्यांचं काही चालत नाही पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात नि तिथं विष तयार करतात. ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांनी एवढी एक ओळ तरी लक्षात ठेवावी, बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल.

मग हे विष कपाळात टोचून घ्यायचं म्हणजे काय, हा प्रश्न मला पण पडलाच. तर एक तर ते फार थोडं असतं, युनिटमधे मोजतात, आणि ते जिथं टोचलं त्या स्नायूत काम करतं. आपण कपाळ आवळायचं ठरवलं की नस स्नायूला निरोप देते, त्या निरोपाचं रसायन असतं अ‍ॅसिटिलकोलिन. हे औषध नसेच्या टोकातून ते रसायन बाहेर पडूच देत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर मशीनचा पट्टा उतरवल्यासारखं आहे, पायडल हलतं पण वरचं चाक फिरत नाही. आणि हा पट्टा आपोआप परत चढतो, तीन-चार महिन्यांत नस पुन्हा कामाला लागते. त्यातून कपाळाची कातडी काही ताणली जात नाही, भरली जात नाही. भरायचं असतं ते फिलर, ते वेगळं.

सुरकुत्यांसाठी याचा उपयोग होईल हे कोणी ठरवून शोधलेलं नाही. अ‍ॅलन स्कॉट नावाच्या अमेरिकन डोळ्यांच्या डॉक्टरनं तिरळेपणासाठी ते वापरलं, 1989 मधे अमेरिकेत डोळ्यांच्या आजारांसाठी त्याला मंजुरी मिळाली. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स डोळ्यांच्या डॉक्टर, त्यांचे नवरे अ‍ॅलिस्टर कातडीचे. डोळे आपोआप घट्ट मिटतात अशा आजाराच्या एका बाईला त्या हे इंजेक्शन द्यायच्या, तर एकदा ती बाई तक्रार करायला लागली की या वेळी भुवयांच्या मधे का नाही दिलं, तिथं दिलं की माझा चेहरा शांत दिसतो. नवरा-बायकोनं 1992 मधे त्यावर लिहिलं, आणि 2002 मधे भुवयांमधल्या या रेघांसाठी अमेरिकेत मंजुरी आली. त्या बाईचा शब्द मला फार आवडला. शांत. तरुण म्हणाली नाही ती.

आता पहिली चूक सांगते. मी आधी नागपूरला गेलेच नाही. तालुक्याच्या ठिकाणी एका पार्लरच्या बाहेर बोर्ड होता, बोटॉक्स 2,500 मधे. मला वाटलं जवळच्या जवळ होऊन जाईल. आत गेल्यावर कळलं की बोर्डावरचं ते केसांचं होतं, हेअर बोटॉक्स म्हणतात त्याला, केस मऊ करायचं क्रीम असतं, त्यात हे औषध नसतंच, नुसतं नाव उचललंय. पण मी चेहऱ्याचं विचारतेय म्हटल्यावर तिथली बाई म्हणाली ते पण करून देऊ की, आमच्याकडे महिन्यातून एकदा कोर्स केलेली मुलगी येते. डॉक्टर आहे का म्हटलं तर कोर्स केलाय म्हणाली. औषध दाखवा म्हटलं तर कपाटातून एक छोटी बाटली काढली, कंपनीचं नाव अर्धं खरवडलेलं, खोकं नाही, तारीख नाही, आणि कपाट म्हणजे साधं लाकडी कपाट, बाहेर 38 डिग्री. हे औषध 2 ते 8 डिग्रीत फ्रीजमधे ठेवावं लागतं हे मी वाचलेलं होतं. मी चपला घातल्या नि निघाले. मला राग आला तो माझ्यासाठी नाही आला, त्या बाकड्यावर बसलेल्या दोन पोरींसाठी आला, त्यांना विचारायचं काय हेच माहीत नव्हतं. तर विचारायचं ते हे: टोचणार कोण, त्यांची डिग्री काय, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर कोणता, बाटली कोणत्या कंपनीची, सील तुमच्यासमोर फोडणार का, आणि काही झालं तर रात्री फोन कोणाला लावायचा. याच्यात लाजायचं काही नाही. आपण ब्लाउज पीस घेतानासुद्धा रंग जाईल का विचारतोच नं.

नागपूरला धंतोलीत एक कातडीच्या डॉक्टर मॅडम सापडल्या, एमडी. पोळा झाल्यावर गेले. त्यांनी पहिल्या दिवशी सुई काढलीच नाही, मला ते फार बरं वाटलं. आधी खिडकीकडे तोंड करून बसवलं, कपाळ आवळा म्हणाल्या, सोडा म्हणाल्या, भुवया वर करा म्हणाल्या, फोटो काढले. मग दोन्ही अंगठ्यांनी ती डावी रेघ दोन बाजूंना ताणली. पूर्ण गेली नाही. म्हणाल्या, "ही आता कातडीत बसलीय. स्नायू थांबला की खोल दिसणार नाही, पण फोटोतल्या हिरॉईनसारखं पुसून जाईल असं मी सांगणार नाही." मग विचारलं, गरोदर नाही नं, स्नायूंचा कोणता आजार, मायस्थेनिया वगैरे घरात कोणाला, आधी चेहऱ्याचं ऑपरेशन, अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करायच्या गोळ्या. महिनाभरात कोणतं अँटिबायोटिक टोचून घेतलं का हे पण विचारलं, जेंटामायसिन, अमिकासिन अशी काही इंजेक्शनं या औषधाचा असर वाढवू शकतात. मला त्याचं उत्तर देता आलं नाही. आमच्याकडे ताप आला की सलाईन नि इंजेक्शन हे ठरलेलं, आत काय आहे ते कोण विचारतं. त्यांनी सांगितलं, चिठ्ठी शोधून व्हॉट्सअ‍ॅप करा, मग तारीख देते. घरी येऊन गव्हाच्या कोठीमागे चिठ्ठी सापडली, त्यात तसं काही नव्हतं.

आणि मग त्यांनी विचारलं, चष्मा आहे का तुम्हाला?

नव्हता. टेप जवळ घेऊन वाचत होते, दोरा तीनदा चुकत होता, मला वाटायचं लाइटच कमी आहे. मॅडम म्हणाल्या की डोळे ताण घेत असतील तर कपाळ आवळणारच, आधी डोळे दाखवा. हिंगणघाटला येऊन तपासले, जवळचा नंबर निघाला. चष्मा लावून पहिल्यांदा सुई हातात धरली नि दोरा एका झटक्यात आरपार गेला. मी तो काढला नि परत ओवला. परत काढला. पाच-सहा वेळा तरी केलं असेल तसं, नुसतं पाहायला. किती वर्षं मी बंद दाराला धक्के मारत होते, कडी माझ्याच बाजूला असताना. ज्यांना भुवयांच्या मधल्या रेघा सतावतात त्यांनी आधी चष्म्याच्या दुकानात जावं असं मला अगदी कळवळून सांगावंसं वाटतं.

तरी इंजेक्शन घ्यायचं मी ठरवलं. पडलेली सवय चष्म्यानं एकदम जात नाही. हिशोब पण सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. भुवयांच्या मधे साधारण पाच ठिकाणी टोचतात, मिळून 20 युनिट, आणि तिथं मला 350 रुपये युनिट सांगितलं, म्हणजे 7,000. माझ्याकडे अस्तराच्या ब्लाउजची शिलाई 250 आहे. 28 ब्लाउज. कोणाकडून घेतले नाहीत, यांच्याकडूनही नाही, बिस्किटाच्या डब्यात वेगळे टाकत गेले. हे म्हणाले पैसे तुझे, कपाळ तुझं, आणि मग दोन दिवसांत चारदा विचारलं की डोळ्याला तर काही होणार नाही नं.

होऊ शकतं, तेही मॅडमनी लपवलं नाही. टोचलं तिथं निळं पडतं, डोकं दुखू शकतं, आणि क्वचित औषध खाली सरकलं तर एक पापणी जड होऊन पडते, काही आठवड्यांत आपोआप उचलली जाते पण तोवर तसंच राहावं लागतं. गिळायला नि श्वासाला त्रास झाला तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना. कपाळावरच्या आडव्या रेषा त्यांनी या वेळी करायच्या नाही म्हटलं, तो स्नायू भुवया उचलून धरतो, तो पण झोपवला नि जास्त झालं तर भुवया खाली बसतात. पहिल्यांदा थोडंच.

तारीख पितृपक्षातली मीच मागितली. महालक्ष्म्यांच्या आधी मला मान वर करायला फुरसत नसते, आणि नवरात्रापासून परत गर्दी. मधले ते पंधरा दिवस कोणी नवीन कापड फाडत नाही, मशीन मोकळी असते. औषधाचा असर तीन-चार दिवसांत चालू होतो नि पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात, म्हणजे घट बसेपर्यंत काय झालं ते कळणार. लग्नाकार्याच्या आदल्या आठवड्यात हे करू नका, निळं पडलं तर लपवायला जागा नसते.

मधे महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडचे मुखवटे पितळेचे आहेत, आत्याबाईंच्या सासूच्या वेळचे. दर वर्षी मीच चिंच लावून घासते. या वर्षी ज्येष्ठेचा मुखवटा मांडीवर घेऊन घासत होते, भुवयांच्या मधली जागा बोटाखाली आली. गुळगुळीत, गार. आणि मला भीती वाटली. आतापर्यंत सुईची, पैशाची, पापणीची वाटली होती, ही वेगळी होती. माझं कपाळ असं झालं आणि माझी पोरगी रडत घरी आली, तर तिला माझ्या चेहऱ्यावर काय दिसेल? मी तसाच चिंचेचा हात घेऊन बसले. मग आरशापुढे जाऊन भुवयांच्या मधे बोट दाबून धरलं नि बाकीचा चेहरा हलवून पाहिला. डोळे भरले की खालच्या पापणीला जे होतं ते झालं, ओठांचं झालं, हनुवटीचं झालं. बराच वेळ पाहात होते. भीती पूर्ण गेली असं सांगणार नाही. अर्धी गेली.

पोरगी नागपूरला बी.फार्म करते. तिला फोनवर सांगितलं तर गप्प झाली, मग म्हणाली आई तू जशी आहेस तशीच छान दिसतेस, कशाला हे. ती प्रेमानंच बोलली. पण जशी आहेस तशी म्हणजे कशी, हे मी सांगणार की तू, असं मी तिला विचारलं, आणि जरा जोरात विचारलं. ती स्वतः भुवया कोरते, केस सरळ करून घेते, मी कधी काही बोलले नाही. शेवटी तीच म्हणाली की आठवडाभर आधी तुझी पाठदुखीची गोळी बंद कर, आयब्युप्रोफेन असते त्यात, त्यानं जास्त निळं पडतं, दुखलंच तर पॅरासिटामॉल घे. मॅडमच्या कागदावर पण तेच होतं. माशाच्या तेलाच्या नि व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल पण बंद. फक्त एक, हृदयासाठी डॉक्टरनी अ‍ॅस्पिरिन लावली असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही, त्यांना विचारूनच काय ते.

राहिल्या आत्याबाई. त्या 78 च्या. मी ठरवलं होतं लपवायचं नाही. गावात बाई नागपूरला दवाखान्यात जाऊन आली नि बोलली नाही तर लोक स्वतःहून आजार लावून देतात, आणि खोटं लक्षात ठेवायला मला जमत नाही. आम्ही दोघी छपरीत बरबटीच्या शेंगा मोडत होतो तेव्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"कोठी टोचते?"

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कपाळावर गेला. तिथं गोंदण आहे, तीन हिरवट टिंबं, एक वर नि दोन खाली, बरोबर भुवयांच्या मधे. रोज पाहाते मी ते, 24 वर्षं. पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की त्यांच्या रेघा त्या टिंबांच्या मधून गेल्यात, एक टिंब तर घडीत अर्धं बुडालंय.

"मी आठ वर्साची होती," त्या म्हणाल्या. "गोंदणारीन आली गावात. बाभयीखाली बसवलं. मायनं हात धरले, मावशीनं डोक्सं. तीन सुया एका जागी बांधल्या होत्या तिनं, दिव्याची काजयी लावे नि टोचे. लय रडली मी. मंग हयद लावली."

"कायले केलं होतं, आत्याबाई?"

"बाईच्या जातीले लागतेच म्हणत. मेल्यावर डागिने इथंच रायते, गोंदण संग येते." मग शेंग मोडता मोडता, "तुही सुई किती दिस रायते?"

"चार महिने."

"मंग पुन्हा टोचा लागते?"

"मला वाटलं तर."

"तुले वाटलं तर," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, "आमाले कोनं इचारलं होतं व माय."

मामंजी गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा घरातल्याच बायांनी त्यांचं कुंकू पुसलं, मी तिथंच उभी होते, ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं, आणि खालून ती तीन टिंबं तशीच्या तशी वर आली. ती मला त्या दिवसापासून कधी विसरता आली नाहीत. म्हणून टिकलीचं मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं, हे नाही.

आदल्या रात्री तयारी केली. टोचल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक जाऊबाईंवर सोपवला. खाली वाकून काम नको, म्हणून जमिनीवरचं कटिंग आधीच उरकलं. कपाळ चोळायचं नाही, डोक्याला तेलमालिश नाही, त्या दिवशी घाम निघेल असं काम नाही. आमच्याकडे बाया उन्हात तोंडाला दुपट्टा घट्ट गुंडाळतात, तो पण कपाळावर आवळायचा नाही, आणि हेल्मेट दाबतं म्हणून येताना फाट्यापासून यांच्या गाडीवर न बसता ऑटोनं यायचं. एसटीत खिडकीच्या दांडीला कपाळ टेकवून झोपायची माझी सवय, ती त्या दिवशी बंद. सनस्क्रीनची ट्यूब आणून ठेवली, ती मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज, कारण कातडी पिकवायचं काम सर्वात जास्त ऊन करतं नि आपण तर त्याच्याच राज्यात राहातो.

सकाळी आंघोळ झाली. आरशाच्या काठाला टिकल्यांची रांग चिकटलेली असते माझी, हात तिकडे गेला नि परत घेतला. पदर डोक्यावरून ओढून निघाले तर छपरीत आत्याबाई बसलेल्या. त्यांनी पाहिलं. मी म्हटलं, तिथंच टोचतात नं, काही लावायचं नाही सांगितलंय. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या, मला वाटलं रुसल्या. परत आल्या त्या बोटाच्या टोकावर एक टिकली घेऊन, माझी नेहमीची मरून. माझा डावा हात ओढला, मनगट उलटं केलं, आणि घड्याळाच्या पट्ट्याजवळ आतल्या बाजूला ती दाबून बसवली.

"उद्या आंघोय झाली का लावजो. आज कोनी इचारलं त हात दाखवजो."

गाडीत गावातली एक काकू भेटली. तिची नजर माझ्या कपाळावरून मंगळसूत्रावर गेली नि परत कपाळावर. मी म्हटलं, काकू, कपाळात इंजेक्शन घ्यायला चालली, आठ्या जाते त्यानं. ती म्हणाली हाव का, दुखते का मंग, किती घेते, आणि नागपूर येईपर्यंत मी तिला पट्टा नि चाकाचं समजावून सांगत होते. वाटेत जाम गावच्या चौकात गाडी थांबली तेव्हा तिनं तिच्या स्वतःच्या भुवयांच्या मधे हात लावून पाहिला.

मॅडमनी कपाळ पुसलं, गार लागलं. बाटली दाखवली, खोक्यावरची तारीख मला वाचू दिली, चष्म्यातून. मग चष्मा काढून बाजूला ठेवायला सांगितलं आणि पांढरी पेन्सिल घेतली.

"आता कपाळ आवळा. जोरात. रागवा."

मला येईना. सकाळपासून इतक्या लोकांनी इतकं प्रेमानं निरोप दिला होता की राग कुठून आणू. मी भुवया हलवायला गेले तर वरच जायच्या. मॅडम म्हणाल्या घाई नाही. मी डोळे मिटले, उघडले, आणि मग दोन्ही हात वर घेतले, डाव्या चिमटीत सुई धरली, उजव्या चिमटीत दोरा, काळा दोरा, श्वास धरला नि सुईचं भोक शोधायला लागले.

"हां, असंच," मॅडम म्हणाल्या, "हलू नका," आणि पेन्सिलीचं पहिलं टिंब त्यांनी टिकलीच्या जागेवर ठेवलं.